पोटपेरणी

धैर्यशील जगदाळेने ग्लास तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि हातातला ग्लास टाकून मोरीकडे धावला. बिअर त्याच्याच हातची होती. नाव 'कडूजहर', आणि चव नावाला जागणारी. पिरंगुटच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी त्याची आणि रोलंड तुस्कानोची छोटीशी ब्रुअरी होती. शनिवार-रविवारी लोक गाड्या काढून तिथे ही बिअर प्यायला यायचे. पहिल्या घोटाला तोंड वाकडं करायचे आणि तिसऱ्या ग्लासला मालकाच्या गळ्यात पडायचे.

रोलंड टॉवेल घेऊन मागोमाग आला. वसईचा माणूस, पोट मोठं आणि काळीज त्याहून मोठं. "बॅच बिघडली का रे?"

"बॅच ठीक असणार," तोंड पुसत धैर्यशील म्हणाला. "मीच बिघडलोय."

हलवायाला पेढ्याचा वास सोसवेना, तशी गत झाली. आणि हा नुसता मालक नव्हता, ब्रुअरीची जीभ होता. कुठली टाकी कधी उघडायची, कडूपणा किती झाला आणि किती राहिला, हे सगळं त्याच्या जिभेवर ठरायचं. यंत्रं होती, आकडे दाखवायची, पण आकड्यांनी चव ठरली असती तर बिअर कॅलक्युलेटरनेच केली असती. त्यातून दोन महिन्यांवर बंगळुरूची स्पर्धा आलेली. सलग दोन वर्षं दुसरा नंबर घेऊन आलेली ही जोडगोळी यंदा पहिला आणायचाच म्हणून हटून बसली होती.

झालं होतं काय, तर आदल्या पावसाळ्यात धैर्यशीलला विषमज्वर झाला. औषधांनी ताप उतरला, पण पोट गेलं ते गेलंच. दिवसातून किती वेळा, ते विचारू नका. शर्ट खुंटीला अडकवावा तसा अंगावर लोंबायला लागला. शेवटी बायको पूर्वा त्याला डॉक्टर नेर्लेकर बाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी खेड्यातला माणूस बघून खेड्यातलीच भाषा वापरली. म्हणाल्या, "आतड्यात अब्जावधी जंतू राहतात. ते शत्रू नाहीत, ते पीक आहे. अन्न पचवतात, जीवनसत्त्वं करतात, वाईट जंतूंना जागा मिळू देत नाहीत. प्रतिजैविकं म्हणजे तणनाशक. तुमच्या तापाचं तण मेलं, पण पीकही जळालं. आणि मोकळ्या रानात पहिलं काय उगवतं?"

"काँग्रेस गवत," धैर्यशील म्हणाला.

"तेच उगवलंय. आता ते कुठल्याही औषधाला दाद देत नाही. पुन्हा पेरायला हवं."

पेरायचं म्हणजे निरोगी माणसाच्या विष्ठेतून चांगले जंतू वेगळे काढायचे, वाढवायचे आणि कॅप्सूलमधून रोग्याच्या पोटात सोडायचे. नाकं मुरडू नका, त्या काळात हे सर्दीच्या गोळीइतकं रोजचं झालं होतं. दवाखान्याच्या कागदावर त्याला 'सूक्ष्मजीव रोपण' म्हणत आणि बाकी सगळा महाराष्ट्र त्याला 'पोटपेरणी' म्हणत असे. नवा शोध वेगळाच होता. आधी वाटायचं, कुणाचेही जंतू कुणालाही चालतील. मग कळलं, की माणसाचं आतडं लहानपणीचे शेजारी विसरत नाही. ज्यांच्याबरोबर एका हंड्यातलं पाणी प्यायलं, एका तव्यावरची भाकरी खाल्ली, त्यांचेच जंतू ते घरातले म्हणून ठेवून घेतं, बाकीच्यांना हाकलतं. रक्ताचा इथे काही संबंध नाही.

त्यामुळे दवाखान्यात पहिला प्रश्न असायचा, "एका चुलीवरचं कोण आहे?" बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ दिवाळीला एकमेकांकडे फराळ पाठवायला लागले, कधी कुणाची गरज लागेल सांगता येत नाही म्हणून. चूल वेगळी करताना लोक दोनदा विचार करू लागले.

धैर्यशीलची चूल माण तालुक्यातल्या पिंपळसोंडीत. त्या चुलीवरचं जिवंत असं कोण, तर थोरला भाऊ हणमंत आणि वहिनी जयमाला. आणि त्या घरात धैर्यशीलने नऊ वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. "दुसरं कुणी बघा," एवढं सांगून तो गुंगीत गेला. पुढचं पूर्वाने बघितलं. दीड महिन्याने कॅप्सूल आल्या. दात्याचं नाव दात्याच्या इच्छेवरून गुप्त होतं. वसतिगृहात असताना ज्या खानावळीत तो जेवायचा, तिथला कुणीतरी, लहानपणीचा नसला तरी, चालला असेल अशी त्याने आपली समजूत करून घेतली. महिन्याभरात अंग धरलं, चेहऱ्यावर रंग आला, आणि पहिल्या दिवशी ब्रुअरीत जाऊन त्याने तो ग्लास उचलला.

तो मोरीवरून थेट नेर्लेकर बाईंकडे गेला.

"बिअरमध्ये तुम्ही हॉप्स कशाला घालता?" बाईंनी विचारलं.

"कडूपणाला. आणि वासाला."

"मूळ कशाला घालायचे?"

हे त्याला माहीत होतं. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, पापुद्र्यापापुद्र्यांची फुलं. त्यातली आम्लं जंतू मारतात, म्हणून जुन्या काळी बिअर आंबू नये यासाठी ती घालू लागले. चवीचं वेड मागून लागलं.

"मग तुमच्या पोटातल्या नव्या भाडेकरूंना ते विषच नाही का?" बाई म्हणाल्या. "पोटातून थेट मेंदूत एक लांबलचक नस जाते. ते तिच्यावरून बोंब मारतात, की मालक, हे नको. त्यांनी आयुष्यात हॉप्स पाहिलेले नाहीत. तुम्हाला मळमळतं ते त्यामुळे."

"किती दिवस?"

"बहुतेकांना दीड-दोन वर्षं लागतात. वस्ती जुनी झाली की जंतू सोकावतात, चव परत येते." बाईंनी त्याच्या कागदावर खूण केली. "काहींची येत नाही. पण जगदाळे, जबरदस्तीने प्यायचं नाही. पेरणी जळेल. आणि परत बियाणं मिळेलच असं नाही, दात्याचं वय आता लहान नाही."

धैर्यशीलला चार माणसांसारखी अक्कल होती, पण ती जिभेच्या बाबतीत चालत नसे. दीड वर्ष ब्रुअरी कुणाच्या जिभेवर चालवायची? आणि आलीच नाही चव, तर आपण कोण? त्याने आठवडाभर दम धरला. मग एका दुपारी, रोलंड बाहेर गेल्याचं बघून, नाक दाबून त्याने अर्धा ग्लास कडूजहर पोटात ढकलली. ती राहिलीही. विजयी वीरासारखा तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संडासातल्या पोटमापीने लाल दिवा लावला. पेरणी झालेल्यांच्या घरी भांड्यात हे यंत्र बसवून देत आणि ते रोज पोटातल्या वस्तीची खबर मोबाईलवर पाठवत असे. ती खबर पूर्वाच्याही मोबाईलवर जायची, हे मात्र हे साहेब विसरले होते.

"प्यायलास," ती म्हणाली. तिच्या हातातलं लाटणं तिने खाली ठेवलं, ते जास्त भीतीदायक होतं.

"चाखली."

"तुला रात्री उचलून संडासात नेत होते मी. आठवतंय? आणि कुणीतरी तुझ्यासाठी..." तिने लाटणं पुन्हा उचललं. "कुणीतरी दिलंय ते, धैर्यशील. पैसे टाकून आणलेलं नाही."

त्याला लाज वाटली. लाल दिवा पिवळा व्हायला पुढचे बरेच दिवस लागले आणि त्या दिवसांत त्याने ग्लासाकडे मान वर करून बघितलं नाही. स्पर्धेचं नाव त्यानेच रोलंडला मागे घ्यायला लावलं. रोलंडने वाद घातला नाही. "माणूस राहिला तर बिअर होईल," एवढंच म्हणाला आणि गव्हाची एक सौम्य, मवाळ बिअर बनवून त्याने दुकान चालू ठेवलं. असा भागीदार मिळायला पूर्वपुण्याई लागते, हे धैर्यशीलला तेव्हा कळलं.

याच दिवसांत दुसरं खूळ सुरू झालं. त्याला हुलग्याचं माडगं खावंसं वाटू लागलं. पुण्यात राहणारा, चीज चाखून त्यावर भाषण देणारा माणूस, आणि दुपारी चार वाजता याच्या तोंडाला पाणी सुटतं ते हुलग्याच्या पिठाच्या पातळ लापशीसाठी. लहानपणी हेच माडगं बघितलं की हा बाजेखाली लपायचा.

एका माणदेशी हॉटेलातून मागवलं, पसंत पडलं नाही. शेवटी हुलग्याचं पीठ आणून तो स्वतः गॅसपाशी उभा राहिला. पीठ भाजलं, लसूण-जिऱ्याची फोडणी दिली, पाणी घालून ढवळत राहिला. पूर्वा दारात उभी राहून बघत होती. माडगं शिजलं आणि त्याचा हात आपसूक फ्रिजकडे गेला. त्याने ताक काढलं आणि पातेल्यात ओतलं.

ओतता ओतता त्याचा हात थांबला. माडग्यात ताक कुणी घालत नाही. अख्ख्या पिंपळसोंडीत एकच बाई घालायची.

"पूर्वा," तो न वळता म्हणाला, "वहिनीने दिलं का?"

"हो," ती म्हणाली आणि पुढे होऊन तिने गॅस बंद केला.

धैर्यशील चार वर्षांचा असताना त्याची आई गेली. घरात बाईमाणूस हवं म्हणून त्याच साली हणमंतचं लग्न उरकलं. एकोणीस वर्षांची जयमाला उंबरा ओलांडून आली ती थेट एका शेंबड्या दिराच्या मागे धावायला लागली. चार वर्षांच्या पोराला ती रीतीप्रमाणे भावजी म्हणायची. "भावजी, दोन घास खा. भावजी, नाक पुसा." तिनेच त्याला वाढवलं. तिनेच बांगड्या मोडून इंजिनिअरिंगला पाठवलं. आणि शिकून, बिअर करायला शिकून तो गावी आला, हमरस्त्याला त्याने पहिलं बिअरचं दुकान थाटलं, तेव्हा गावातल्या बायका जमवून मतदान मागणारीही तीच.

आपल्याकडे कायदाच आहे. गावातल्या बायकांनी मागणी केली की दारूच्या दुकानावर मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी जिंकली की दुकान बंद. जयमालाचा सख्खा धाकटा भाऊ दारूने गेला होता. ती दारोदार फिरली. बाटली आडवी झाली आणि सगळ्या दुकानांबरोबर धैर्यशीलचंही बंद झालं. "भावजी, राग तुमच्यावर नाही," ती म्हणाली होती. तो म्हणाला होता, "आजपासून या घरचं पाणीसुद्धा प्यायचो नाही."

आणि आता तो गॅससमोर उभा राहून हिशोब लावत होता, की पाणी सोडा, आपण तिचं काय काय गिळून बसलोय. त्याला एकदम राग आला.

"म्हणजे गावातलं दुकान बंद केलं, आता पोटातलंही केलं," तो म्हणाला. "पुन्हा आडवी बाटली."

पूर्वा आधी हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "हणमंत भाऊजींना तंबाखूचं व्यसन, म्हणून ते दाते म्हणून चालले नाहीत. वहिनींनी एका शब्दाने विचारलं नाही की त्रास होईल का. फक्त म्हणाल्या, भावजींना सांगू नको, आकसाने ओकून टाकतील."

हे अगदी खरं होतं. तो पाटावर बसला आणि पातेलंभर माडगं एकट्याने संपवलं.

पण जायचं कोणत्या तोंडाने? कुणी किडनी दिली तर माणूस पाया पडतो, गळ्यात पडतो. इथे आभार मानायचे तरी कशाचे, आणि काय शब्दांत? साडी न्यावी का? असल्या देण्याची परतफेड इरकलीने करतात का पैठणीने? असे फाटे फोडत त्याने हिवाळा काढला. होळी झाली. तोवर एक नवल घडत होतं. ब्रुअरीत हॉप्सची पोती उघडली की सुरुवातीला तो बाहेर पळायचा, आता तिथेच उभा राहू शकत होता. नेर्लेकर बाईंनी पोटमापीचे आकडे दोनदा तपासले. "इतक्या लवकर मी कुणाचं पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "कारण मलाही सांगता येणार नाही. नशीब समजा."

नशिबाला घेऊन तो पिंपळसोंडीला गेला.

भर दुपारी जयमाला पडवीत चिंचा फोडत बसली होती. केस पांढरे झाले होते. तिने मान वर केली, बघितलं आणि जणू हा सकाळीच बाजारात जाऊन आलाय अशा आवाजात म्हणाली, "या भावजी. लई वाळलात."

तिने तांब्या पुढे केला. तो उभ्यानेच सगळं पाणी प्यायला.

"वहिनी, तू जे..." त्याने सुरुवात केली. "म्हणजे तू मला जे दिलंस, ते..."

"त्याचं नाव काढायचं नाही," जयमाला म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. आत खाटेवर पडलेला हणमंत इतका हसला की त्याला ठसका लागला.

"नवरात्राचे उपवास मोडले तिनं तुझ्यापायी," तो बाहेर येत म्हणाला. "दात्यानं उपाशी राहायचं नाही म्हणे. लग्न झाल्यापासून एक उपवास चुकला नव्हता."

"अंबाबाईला सांगून मोडले. तिची काही तक्रार नाही, तुम्ही कशाला करता?" तिने नवऱ्याला गप्प केलं आणि चिंचेचा हात पदराला पुसला. "जीभ आली का ठिकाणावर?"

"येतेय. वास सोसतो आता. डॉक्टर म्हणाल्या होत्या दोन वर्षं, नाहीतर कधीच नाही. त्यांनाच नवल वाटतंय."

जयमालाने पुन्हा चिंच फोडायला घेतली. हणमंत तिच्याकडे बघत होता. "सांग की," तो म्हणाला.

"सांगण्यासारखं काही नाही."

"मग मी सांगतो. रोज सकाळी तुळशीपाशी उभी राहायची, नाक दाबायची आणि तुझ्या त्या फुलांचा काढा घटाघटा प्यायची. महिनाभर. पहिले आठ दिवस तर ओकायची."

धैर्यशीलला कळेना. "कुठली फुलं?"

"हॉप्स का काय ते," जयमाला म्हणाली. आता सुटका नव्हती. "त्या डॉक्टरीणबाईनं मला आधीच सांगितलं होतं, की तुमचे जंतू जातील पण दिराची बिअर सुटेल, त्या जंतूंची आणि फुलांची ओळख नाही. म्हटलं, ओळख नाही तर करून द्यावी. पोरगी सासरी पाठवायची तर आपण सांगून ठेवतोच की, तिथं आमटी तिखट असती, सासरा पहाटे उठतो. पूर्वाला म्हटलं, मला पाकीटभर पाठव. डॉक्टरीणबाईला सांगितलं नाही. म्हटलं, नको म्हणाली तर?"

त्या काढ्याचा गुण आला की योगायोग, हे नेर्लेकर बाईंनाही पुढे कधी छातीठोकपणे सांगता आलं नाही. पण ते पुढचं. त्या क्षणी धैर्यशील पायरीवर बसला.

"पण तू तर... तुला तर बरंच होतं ना, माझी सुटली असती तर? अख्ख्या गावाची बाटली आडवी करणारी तू."

"बाटली आडवी केली. तुम्हाला आडवं नव्हतं करायचं," जयमाला म्हणाली. "ते काम तुमचं जीव की प्राण. आजारातनं उठून माणसानं बसायचं कशावर? तुमचं दुकान माझ्या गावात नको, हे मी आजही म्हणेन. उद्या पुन्हा मतदान झालं तर पुन्हा आडवीवर शिक्का मारीन. पण जीभ तुमची, ती तुम्हाला परत पाहिजे."

धैर्यशीलला रडू आलं आणि ते त्याने लपवलं नाही. नऊ वर्षं आपण जिला शत्रू समजलो, ती आपल्यासाठी अंगणात उभी राहून ओकत होती. त्याने तिचे पाय धरले. "वहिनी, तुझे उपकार मी..."

"उठा. चिंचेचे हात आहेत, डोक्याला चिकट लागतील," ती म्हणाली, पण हात त्याच्या डोक्यावर ठेवलाच, आणि बराच वेळ ठेवला.

मग ती उठून आत गेली. येताना तिच्या हातात दोन कप होते आणि कपातून वाफ येत होती. वास धैर्यशीलला ओळखीचा वाटला.

"आता सुटत नाही मेलं," जयमाला जराशी शरमून म्हणाली. "कप घेतल्याशिवाय डोकं चालत नाही. पूर्वा धाडते पाकीट. यात दारू नाही ना हो भावजी?"

"नाही वहिनी. फुलं आहेत नुसती."

त्याने कप नाकाशी नेला. पोट गप्प राहिलं. त्याने एक घोट घेतला. कडू होता, जिभेच्या मुळापर्यंत गेलेला चांगला सणसणीत कडू, आणि त्याच्या मागून गवताचा, लिंबाच्या सालीचा वास आला. त्याने दुसरा घोट घेतला आणि तोंडात घोळवला. जयमाला त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"कसा झालाय?"

"जरा जास्त उकळलाय," धैर्यशील म्हणाला, उरलेला काढा संपवला आणि रिकामा कप पुन्हा तिच्यापुढे धरला.